खोदयंत्राच्या बकेटचे दात : निवड, निगा आणि कामगाराचा डोळा
(इटारसी येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दरवेळी आम्ही पेन्शन, भत्ते आणि रिकाम्या जागा यांवर बोलतो. या वेळी शाखेच्या मंडळींनी वेगळाच विषय दिला. खोदयंत्राच्या बकेटला जे दात असतात त्यांच्यावर बोला, म्हणाले. टपाल खात्यातले काही बंधू हसलेले आम्ही पाहिले. हसू द्या. पण तुमच्या काउंटरवरचा तारखेचा शिक्का आठवा. अक्षरे झिजून गेलेला शिक्का महिनोन् महिने वापरायला लावतात, आणि पाकिटावर तारीख उमटली नाही म्हणून विचारणा होते ती शिक्का मारणाऱ्याला. झिजणारी वस्तू वेळेवर बदलायची जबाबदारी एकाची आणि बोलणी खायची पाळी दुसऱ्याची, हा अनुभव आपल्या दोन्ही खात्यांचा आहे. आज त्याच अनुभवाची गोष्ट आहे, फक्त वस्तू अधिक धारदार आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही फिटर असताना एका खोदकामावर देखरेखीला होतो. काम कंत्राटदाराचे, जमीन रेल्वेची. बकेटचा एक दात सैल होऊन वाजत होता. त्याची पिन केव्हाच पडली होती आणि तिच्या जागी कोणीतरी बांधकामाच्या सळईचा तुकडा ठोकून वर वेल्डिंगचा टाका मारला होता. तो काढायला एक बावीस वर्षांचा हेल्पर पोरगा बसला. हातात मोठा घण, डोळ्यांवर काही नाही. तिसऱ्या की चौथ्या घावाला दाताच्या कडेची कपची उडाली ती थेट त्याच्या उजव्या डोळ्यात. इस्पितळात नेल्यावर पहिला प्रश्न आला, हा माणूस कोणाचा? कंत्राटदार म्हणे पोटकंत्राटदाराचा, पोटकंत्राटदार म्हणे मशीनमालकाचा, आणि मशीनमालक म्हणे तो तर ऑपरेटरच्या गावचा, सहज आलेला. हजेरीपटावर नावच नव्हते. डोळा गेला. भरपाई मिळवायला आम्हाला चार वर्षे लागली. मिळालेली रक्कम सांगायची लाज वाटते.

त्यानंतर आम्ही या दातांचा अभ्यास सुरू केला. आम्ही मॅट्रिक माणसे, इंजिनिअर नव्हे. पण विचारत गेलो, हाताळत गेलो, तेव्हा जे कळले ते सांगतो.

आपण ज्याला पोकलेन म्हणतो ते खरे तर एका फ्रेंच कंपनीचे नाव. पण आता कोणत्याही साखळीच्या खोदयंत्राला आपल्याकडे पोकलेनच म्हणतात, जसे प्रत्येक चाकाच्या खोदयंत्राला जेसीबी. त्याच्या बकेटच्या ओठाला पुढे जाड पोलाद असते, त्यावर अडॅप्टर वेल्ड केलेला असतो, अडॅप्टरच्या नाकावर दात टोपीसारखा बसतो आणि आडवी पिन व तिचे लॉक त्याला धरून ठेवते. बऱ्याच जेसीबींचे दात पिनऐवजी बोल्टने बसतात. बाजूला साइड कटर आणि बुडाला घासपट्ट्या असतात. ही सगळी व्यवस्था एवढ्यासाठी की घासायचे ते स्वस्त टोक घासावे आणि महाग बकेट वाचावी. आपले इंजिनाचे ब्रेकब्लॉक काय करतात? स्वतः झिजतात आणि चाक राखतात. तसेच हे.

आता निवडीचे. दुकानदार दाखवतो तो प्रत्येक दात सारखाच दिसतो. पण जमीन सारखी नसते. काळ्या मातीत आणि मऊ भरावात रुंद, चपटा दात चालतो. मुरमात सर्वसाधारण छिन्नीसारखा. कठीण काळ्या दगडात टोकदार लागतो, त्याला टायगर म्हणतात. तो आत लवकर शिरतो, पण टोकाला धातू कमी म्हणून लवकर संपतो. फुटलेला दगड नुसता भरायचा असेल तर टोकदारपेक्षा जाडजूड दात बरा. केबलच्या मार्गालगत तर मुळात यंत्र लावूच नये, हातानेच खणावे. सिग्नलची केबल तुटली की गाड्या उभ्या राहतात आणि स्टेशन मास्तरपासून ट्रॅकमनपर्यंत सगळ्यांची झोप जाते, हे इथे वेगळे सांगायला नको.

मग धातू. इथे रेल्वेवाल्यांनी कान द्यावा, कारण ही आपल्या घरची गोष्ट आहे. आपल्या यार्डातले सीएमएस क्रॉसिंग ज्या मँगनीज पोलादाचे असते, त्याचा शोध १८८२ साली शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी लावला. त्यात मँगनीज साधारण १२ ते १४ टक्के असते. या पोलादाची गंमत अशी की ते मुळात फारसे कठीण नसते. ब्रिनेल मापाने जेमतेम २०० च्या आसपास. पण वरून दणके बसत गेले की त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो, ५०० पर्यंतही पोचतो, आणि आतला गाभा चिवट राहतो. चाकांचे दणके खाणाऱ्या क्रॉसिंगला म्हणूनच ते मानवते. मोठ्या दगडखाणीतही मानवते. परंतु नदीच्या वाळूत दणका नसतो, नुसते घासणे असते. तिथे ते कठीण होतच नाही आणि साबणासारखे झिजते. वाळू आणि मुरमासाठी उष्णोपचार करून कडक केलेल्या मिश्र पोलादाचे दात घ्यावेत. उलट फार कडक धातू घेतला आणि मोठ्या दगडावर आपटला तर तो मोडतो. कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही एकदम पुरेपूर मिळत नाहीत. जमीन पाहून तडजोड करावी लागते.

दात मँगनीजचा आहे की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा नको. लोहचुंबक लावा. मँगनीजच्या दाताला तो चिकटत नाही म्हटले तरी चालेल. याची एक वाईट बाजूही आहे. आपल्या रुळाखाली जी खडी येते ती क्रशरमधून येते. खाणीत दात गळून दगडाबरोबर गेला आणि तो मँगनीजचा असला, तर पट्ट्यावरचे चुंबक त्याला पकडत नाही. तो क्रशरच्या जबड्यात अडकतो, आणि अडकलेला काढायला पुन्हा आपल्यासारखाच एखादा हेल्पर आत उतरवला जातो. म्हणून पाळी संपताना आणि दर दोन-तीन तासांनी दात मोजायचे. पाच असले तर पाच भरले पाहिजेत. एवढ्याला शिक्षण लागत नाही.

किमतीचे गणित मांडतो. समजा, एक दात ८०० रुपयांना मिळतो आणि २०० तास टिकतो. दुसरा १,४०० रुपयांचा आहे आणि ५०० तास टिकतो. निविदेत पहिलाच जिंकणार, कारण साहेबांच्या कागदावर फक्त दर असतो, तास नसतात. पण पहिला तासाला ४ रुपये खातो, दुसरा २ रुपये ८० पैसे. पाच दातांच्या बकेटला १,००० तासांत पहिल्याचे २०,००० रुपये होतात, दुसऱ्याचे १४,०००. शिवाय पहिला पाच वेळा चढवावा लागेल, दुसरा दोनच वेळा. चढवणे म्हणजे घण, आणि घण म्हणजे डोळा. हे कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. खरे आकडे तुमच्या मशीनच्या तासांच्या मीटरवरून तुम्हीच काढायचे. जो माणूस रोज दात पाहतो त्याच्याकडे ही माहिती असते, पण खरेदीच्या वेळी त्याला कोणी विचारत नाही.

आणि मुद्दाम सांगतो, आपल्याकडे असा नियम करता येत नाही असे कोणी म्हणू नये. टॅम्पिंग मशीनच्या टूलसाठी नियम आहेच. टोकाचे क्षेत्रफळ २० टक्क्यांहून अधिक झिजले की टूल बदलायचे. तिथे माप आहे, तर बकेटच्या दाताला का नसावे? कंत्राटाच्या मशीनला का नसावे?

निगेचे थोडक्यात. दात हाताने हलवून पाहा. नवा दात असूनही हलत असेल तर अडॅप्टरचे नाक झिजले आहे. त्यावर कितीही नवे दात चढवले तरी पिना तुटत राहतील. दात पूर्ण झिजेपर्यंत थांबू नका, भोक पडले की नाक घासायला लागते, आणि दात पडलेल्या अवस्थेत एक पाळी चालवली तर अडॅप्टरच जातो. कडेचे दात मधल्यांपेक्षा लवकर झिजतात, म्हणून त्यांची अदलाबदल करावी. दोन्ही बाजूंनी सारखे असलेले दात उलटवून घ्यावेत. बोल्टचे दात असतील तर पहिल्या काही तासांनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि बाजारातला साधा बोल्ट घालू नये. दात बदलताना पिन व लॉक नवीच घालावी. सळई घालू नये, हे आता सांगायलाही नको.

वेल्डिंगवाल्यांसाठी एक गोष्ट. मिश्र पोलादाचा अडॅप्टर आधी गरम करून, कोरड्या, कमी हायड्रोजनच्या रॉडने जोडावा आणि सावकाश निवू द्यावा. वर पाणी ओतू नये. मँगनीजचे मात्र नेमके उलट. त्याला तापवले की ते ठिसूळ होते. क्रॉसिंगची नाके भरणारे आपले वेल्डर थोडे थोडे भरत, थंड ठेवत काम करतात ते म्हणूनच. मशीनवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवावी, आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट पिन-बुशमधून फिरत नाही.

आता माणसाचे. बकेट जमिनीवर टेकलेली, इंजिन बंद, चावी ऑपरेटरच्या नव्हे तर काम करणाऱ्याच्या खिशात. लिव्हर हलवून हायड्रॉलिकचा दाब सोडलेला. उचललेल्या बकेटखाली कोणीही जायचे नाही, खाली लाकडी स्लीपर रचले असले तरी जपून. कडक पोलादावर पोलादी घण थेट मारायचा नाही, मध्ये पितळेचा किंवा मऊ धातूचा ठोकळा धरायचा. चश्मा घातल्याशिवाय पहिला घाव नाही. पिन सुटते तेव्हा गोळीसारखी सुटते, म्हणून समोरच्या बाजूला कोणी उभे राहायचे नाही. आणि रात्रीच्या ब्लॉकमध्ये साहेब घड्याळ दाखवत असले तरी हा क्रम मोडायचा नाही. घाई आम्हालाही कळते, आम्हीही ब्लॉक पाहिले आहेत.

आमच्या मागण्या चार आहेत. रेल्वेच्या हद्दीतील प्रत्येक खोदयंत्राच्या जागी सुट्या पिना, ठोकळा आणि चश्मे ठेवलेले असावेत. दात बदलल्याची तारीख आणि मीटरचे तास लिहायची वही असावी. हेल्परचे नाव पहिल्या दिवशी हजेरीपटावर चढावे, तो कोणाचाही असो. आणि सुटे भाग खरेदी करताना ऑपरेटर व फिटर यांचे म्हणणे लेखी घ्यावे. तिसऱ्या मागणीवर प्रशासन म्हणते की कंत्राटी कामगार तुमचे सभासद नाहीत, तुम्ही कशाला बोलता. आमचे उत्तर असे की जमीन रेल्वेची आहे, कामाचा फायदा रेल्वेला आहे, आणि कपची उडते तेव्हा ती सभासदत्वाची पावती पाहून उडत नाही.

तो पोरगा आता चाळिशी ओलांडलेला आहे. गेल्या वर्षी भेटला. एका गोदामावर रात्रीची राखण करतो. खोदयंत्र दिसले की अजून रस्त्याची बाजू बदलतो, असे त्याने स्वतःच सांगितले.

तिकडे टेबलावर आम्ही दोन जुने दात, एक झिजलेला अडॅप्टर आणि एक लोहचुंबक ठेवला आहे. वहीचा नमुनाही आहे, हव्या तितक्या प्रती घेऊन जा. चहा झाल्यावर सगळ्यांनी एकदा चुंबक लावून पाहा. दोन दातांपैकी एकाला तो चिकटतो, एकाला नाही. कोणता वाळूचा आणि कोणता खाणीचा ते ओळखा आणि आम्हाला सांगा.