असरच्या आत जालना
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लांबच्या प्रवासाला विजेवरची गाडी बरी की पेट्रोलची, याविषयी आज बोलायचं आहे. मी इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. इतकी वर्षं गाडीच्या बॉनेटखाली काय असतं हे मी पाहिलंही नव्हतं. पण २०२५ च्या ऑक्टोबरात एका सकाळी हा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि तेव्हा विचार करायला पाच मिनिटंही नव्हती.

माझं गाव डोळखांब. ठाणे जिल्हा, शहापूर तालुका. आसनगावला लोकलमधून उतरायचं, शहापूर गाठायचं आणि मग डोंगराच्या दिशेने आत आत यायचं. समोर सह्याद्रीची भिंत, तिच्यात आजोबाचा डोंगर. भाताचा मुलूख. आमच्या तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि उन्हाळ्यात आमच्याच काही पाड्यांवर टँकर फिरतो. असो, तो विषय आजचा नाही.

माझा पुतण्या गाडी चालवून पोट भरतो. स्टेशनची भाडी, दवाखान्याची भाडी, लग्नसराईत वऱ्हाड. त्याने विजेवरची गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. शेवटी मी माझी चौदा वर्षांची पेट्रोल गाडी विकली आणि ते पैसे त्याच्या गाडीच्या पहिल्या रकमेत घातले. या वयात मला कुठे जायचंय, असं म्हणालो. त्याचं गणित चोख होतं. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर धावायचं, रात्री घरी प्लगला लावायची, सकाळी गाडी भरलेली. पेट्रोलला जिथे सहा-सात रुपये किलोमीटर पडत होते, तिथे आता दीड-दोन रुपये. या हिशेबात मला आजही चूक दिसत नाही.

बॅटरी म्हणजे काय, हे खरं तर आमच्या भागातल्या माणसाला फार समजवायला लागू नये. डोळखांबहून पुढे गेलं की चोंढे लागतं. तिथे खाली एक धरण, वर डोंगरावर घाटघरला दुसरं. २००८ मध्ये सुरू झालेला हा २५० मेगावॉटचा प्रकल्प. मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी विजेने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. जेवढी वीज घातली तेवढी परत मिळत नाही, थोडी वाटेत जातेच. पण हवी तेव्हा मिळते, हे महत्त्वाचं. गाडीची बॅटरी हेच करते, फक्त पाण्याशिवाय. आता गंमत अशी की इतकी मोठी बॅटरी उशाशी असूनही परतीच्या पावसात एक झाड तारेवर पडलं की आमच्या घरात मेणबत्ती लागते.

त्या रात्री तेच झालं. पुतण्या संध्याकाळी उशिरा भाड्यावरून आला, गाडी प्लगला लावली, आणि थोड्या वेळात वारा सुटून वीज गेली. रात्रभर आली नाही. सकाळी गाडीत ४६ टक्के होते. त्या दिवशी लांबचं भाडं नव्हतं, म्हणून कोणाला फिकीर नव्हती.

दहाला दहा मिनिटं कमी असताना जालन्याहून फोन आला. माझा कॉलेजातला दोस्त. त्याचे वडील नोकरीनिमित्त कल्याणला होते, म्हणून आम्ही एका बाकावर आलो. माझी पहिली कविता त्याने ऐकली आणि दुसरी लिहू नकोस म्हणून सांगितलं. पस्तीस-छत्तीस वर्षांची दोस्ती. त्याचा मुलगा म्हणाला, ‘चाचा, अब्बा गेले. असरनंतर माती आहे.’

आमच्यात मय्यत ठेवत नाहीत. शक्य तितक्या लवकर दफन. असरची नमाज म्हणजे दुपार उतरल्यावरची. इथे एक बारकावा सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमची असर लवकर होते. जालन्याकडे बहुतेक हनफी, त्यांची असर आमच्यापेक्षा तासभर उशिरा. जमात पावणेपाचला होती. म्हणजे माझ्याकडे सात तासांहून थोडा कमी वेळ होता आणि अंतर सव्वातीनशे किलोमीटर.

पेट्रोलची गाडी असती तर हा प्रश्नच नव्हता. शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं, पाच तासांत जालना. २०२५ च्या ५ जूनला या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर सलग झाले. कसारा घाटातली रांग टळली. गावात भाड्याची जीप मिळाली असती. पण पोरगा गाडी पुसून, पाण्याच्या बाटल्या ठेवून दारात उभा होता. माझी गाडी विकून आलेली ती गाडी. तिच्यासमोर उभं राहून दुसऱ्याची जीप बोलवा, असं मला म्हणवलं नाही. हा निर्णय मी घेतला, त्याने नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे काही दिवस तो स्वतःला दोष देत होता.

साडेदहाला निघालो. गाडीची बॅटरी ४५ युनिटांची. आपल्या घरच्या मीटरवरचं युनिट असतं तेच. पेट्रोलच्या एका लिटरात साधारण नऊ युनिटं ऊर्जा असते. म्हणजे भरलेली बॅटरी ही फक्त पाच लिटर पेट्रोल! पाच लिटरवर पेट्रोल गाडी सत्तर-ऐंशी किलोमीटर जाईल. ही अडीचशेच्या पुढे जाते, कारण इंजिन पेट्रोलमधली दोनतृतीयांशाहून जास्त ऊर्जा नुसती उष्णता करून उडवतं आणि मोटर फार थोडी वाया घालवते. काटकसरीत विजेची गाडी आपल्या आजीसारखी. पण आजीच्या बटव्यात मुळातच कमी पैसे असतात, त्याचं काय?

पुतण्या म्हणाला, ‘चाचा, तुम्ही काळजी करू नका. युनिटला सहा किलोमीटर धरा.’ मी मनातल्या मनात गुणाकार करत बसलो. ४६ टक्के म्हणजे जेमतेम एकवीस युनिटं. त्यातून सह्याद्री चढायचा. आमचं गाव समुद्रसपाटीपासून फार वर नाही, इगतपुरी सहाशे मीटरच्या आसपास. प्रवाशांसकट पावणेदोन टनांची गाडी पाचशे मीटर वर न्यायची तर नुसत्या चढायलाच दोन-अडीच युनिटं जातात. पेट्रोल गाडीलाही हा चढ फुकट नसतो. पण टाकीत पस्तीस लिटर असले की कोण मोजतो?

दुसरं म्हणजे वेग. समृद्धीवर सपाटीला १२० ची मुभा आहे. पुतण्या नव्वदच्या वर जाईना. हवा कापायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून १२० वर गेलात तर वेग दीडपट, हवेचा विरोध सव्वादोनपट. म्हणजे लवकर पोचायचं म्हणून हळू जायचं! शेजारून ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकत होते. त्या दिवशी मला कोणी या परिस्थितीवर शेर म्हणायला सांगितला असता तर मी त्याला उतरवलं असतं.

इगतपुरीला महामार्ग सोडून चार्जर गाठला तेव्हा बारा वाजले होते आणि गाडीत दहा टक्के उरले होते. चार्जरला एक गाडी आधीच लागलेली. तिचा मालक कुटुंबासह जेवायला गेला होता. पंचवीस मिनिटं थांबलो. मग आमची पाळी, पंचावन्न मिनिटं, तीही ८० टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे बॅटरी फार हळू भरते, म्हणून शहाणा माणूस तिथे नळी काढतो.

थांबलेल्या माणसाला गोष्टी आठवतात. मला बर्था बेंझ आठवली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. सुमारे शंभर किलोमीटर. पेट्रोलपंप तेव्हा जगात नव्हता. वाटेत वीसलोख गावात तिने एका औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आज ज्याला आपण बिनघोर पेट्रोल प्रवास म्हणतो त्याची सुरुवात अशी औषधाच्या दुकानात झाली. समृद्धीचंही उदाहरण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा वाटेवर पंप मोजकेच होते आणि टाकी भरूनच चढा, असं जो तो सांगायचा. तेव्हा चार्जर कमी आहेत ही तक्रार नवी नाही, ती दर नव्या वाहनाच्या वाट्याला येते. हे सगळं मला कळत होतं. पण माझ्या दोस्ताला त्या वेळी आंघोळ घालत असतील, हेही कळत होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सिन्नर, शिर्डी, वैजापूर मागे पडलं. छत्रपती संभाजीनगरजवळ पुन्हा थोडी वीज घ्यायची होती. पहिल्या ठिकाणी चार्जरचा पडदा काळा. दुसऱ्या ठिकाणी मिळाली, पण यात वीस मिनिटं गेली आणि भरायला वीस. पुतण्याच्या कपाळावर घाम होता, गाडीत थंड हवा असून. हो, तीही आम्ही मधूनमधून बंद करत होतो.

कब्रस्तानात पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. जनाज्याची नमाज झाली होती. चेहरा पाहायला मिळाला नाही. माती द्यायला मिळाली, तीन मुठी. आमच्याकडच्या वेळेची असर असती तर तेवढीही मिळाली नसती. त्याचा मुलगा गळ्यात पडला आणि म्हणाला, ‘चाचा, इतक्या लांबून आलात.’ मी काही बोललो नाही. पुतण्या फाटकाशीच उभा राहिला.

रात्री तिथेच राहिलो. गाडी पुन्हा भरायची होती. मयताच्या घरात हे कसं विचारायचं, म्हणून आम्ही दोघं गप्प. त्या मुलानेच ओळखलं. त्याने एक जाड वायर आणली आणि दोस्ताच्या खोलीतल्या प्लगपासून खिडकीतून अंगणात सोडली. त्या खोलीत पुस्तकं होती, चष्मा होता आणि बाहेर आमची गाडी रात्रभर हळूहळू भरत होती.

मला माझे आजोबा आठवले. ते मुरबाडकडे म्हशाच्या यात्रेला बैल घेऊन जायचे. वाटेत ज्याच्या घरी उतरायचे तिथे आधी बैलांना पाणी आणि वैरण, मग माणसांना चहा. पाहुण्याचं जनावर उपाशी ठेवलं तर यजमानाची लाज जायची. पेट्रोलच्या गाडीने हे संपवलं. ती कोणाच्या दारात काही मागत नाही. पंपावर पाच मिनिटं, पैसे दिले की नातं संपलं. विजेच्या गाडीला पुन्हा यजमान लागतो. कधी कधी हे बरं वाटतं, कधी अवघड होतं. सकाळी मी विजेच्या पैशांचा विषय काढला तर भाभी आतूनच म्हणाल्या, ‘भाईजान, ते असते तर बोलला असता का?’

परतीला घाई नव्हती. पहाटे गाडी शंभर टक्क्यांच्या जवळ, वाटेत एकच मुक्काम, तोही जेवणाच्या वेळी. घाट उतरताना गाडीने चढाला खाल्लेल्या विजेतली बरीचशी परत कमावली. पेट्रोल गाडी हेच उतरताना ब्रेक तापवून हवेत सोडते. आवाज नाही, धूर नाही. बाहेर घेतलेली वीज युनिटला वीस-बावीस रुपये पडली, म्हणजे घरच्यापेक्षा दुपटीहून महाग. तरीही एका बाजूचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास. माझ्या जुन्या गाडीला २१-२२ लिटर लागले असते, लिटरला १०३ रुपयांच्या पुढे. शिवाय राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धीवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी जाहीर झाली आहे, आणि या रस्त्याचा टोल काही थोडाथोडका नाही.

लोक मला विचारतात, मग काय घ्यावं? माझं मत सांगतो. आदल्या दिवशी ठरलेल्या प्रवासाला मी विजेची गाडी घेईन, मजेत घेईन. ज्या घरात एकच गाडी आहे, नातेवाईक तीनशे किलोमीटरवर आहेत आणि गावात वाऱ्यापावसात वीज जाते, त्या घराने अजून थोडी वर्षं पेट्रोलची ठेवावी. फोन आदल्या दिवशी येत नाही. पुतण्याने दुसऱ्या गाडीचा विषय काढला तेव्हा मी हेच म्हटलं. तो म्हणाला, ‘चाचा, दुसरी पेट्रोलची घेऊ.’ पहिली विकायला मात्र तो तयार नाही. हल्ली संध्याकाळी चहाला घरी आला तरी आधी गाडी प्लगला लावतो.

चाळिसाव्याला आम्ही पुन्हा जालन्याला गेलो. आदल्या रात्री भरून, पहाटे निघून, वाटेत एकदा थांबून, जोहरच्या आधी पोचलो. दोस्ताच्या खिडकीखाली भिंतीवर नवं सॉकेट बसवलेलं होतं, वर पावसासाठी पत्र्याचं छोटं झाकण. मुलगा म्हणाला, ‘चाचा, वायर खिडकीतून सोडली की डास येतात. गाडी इथेच लावा.’