मुक्ती आणि येरझार

दिवे घाटाच्या वाटेवर एका म्हाताऱ्या माळकऱ्याला मी एकदा सहज विचारले, ‘‘बाबा, इतक्या वाऱ्या केल्यात, आता मोक्ष मिळायला हरकत नाही.’’ त्यांच्या गळ्यात वीणा होता. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मोक्ष मिळाल्यावर पुढल्या साली हा वीणा कुणाच्या गळ्यात घालायचा? नगं माऊली, हाय हेच बरं हाय.’’

त्या वेळी मी हे विनोदावारी नेले. पुढे संतवाङ्मय थोडे लक्ष देऊन वाचले, तेव्हा कळले की बाबांनी वारकरी संप्रदायाचा सिद्धांतच मला एका वाक्यात सांगितला होता.

आपल्याकडे मुक्तीचे चार प्रकार सांगितले आहेत. सलोकता म्हणजे देवाच्या लोकी राहणे, समीपता म्हणजे त्याच्या जवळ असणे, सरूपता म्हणजे त्याच्यासारखे रूप लाभणे, आणि सायुज्यता म्हणजे त्याच्यात मिसळून जाणे. पहिल्या तिन्हींत देव आणि भक्त निराळे राहतात. चौथीत ते वेगळेपण संपते. आता तुम्ही म्हणाल, सायुज्यतेपेक्षा मोठे ते काय? संतांची अडचण नेमकी तिथेच आहे. भक्तच उरला नाही, तर नाम घ्यायचे कोणी आणि ऐकायचे कोणी? तुकोबा तर देवाला मुक्ती परत करतात आणि पुन्हा गर्भवास पत्करायला तयार होतात, मात्र नाम आणि संतांची संगत सुटू नये एवढीच त्यांची अट.

यावरून वारकरी अद्वैत मानीत नाहीत, असे मात्र समजू नये. ज्ञानेश्वर नाथपरंपरेतले, अद्वैताचे कट्टे अनुभवी. ‘अमृतानुभवा’त त्यांनी एक सुंदर दाखला दिला आहे. एकाच डोंगरात देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरून काढावा, तसा हा भक्तीचा व्यवहार आहे. दगड एकच, पण पूजा चालली आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. ऐक्य झाल्यावरही भक्ती थांबत नाही. उलट तेव्हाच ती सहज होते, असा त्यांचा भाव आहे.

आता ‘वारी’ हा शब्दच पाहा. वारी म्हणजे खेप. जायचे, यायचे आणि पुन्हा जायचे. मोक्ष म्हणजे जन्ममरणाची येरझार चुकणे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आणि हा मनुष्य येरझारेलाच व्रत म्हणतो! आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. अठरा-वीस दिवस पावसात, चिखलात चालायचे. दर्शनाच्या बारीत तासन्‌तास उभे राहायचे, क्षणभर पायांवर डोके ठेवायचे की मागून कोणीतरी पुढे ढकलतो. पुष्कळांना तेवढेही मिळत नाही. ते कळसाला हात जोडतात आणि घराची वाट धरतात.

नेमही त्याला साजेसेच आहेत. तुळशीची माळ घालायची, एकादशी करायची, मद्यमांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान, रोज हरिपाठ. प्रपंच टाकायला कोणी सांगत नाही. अरणचे सावता माळी आपल्या मळ्यातच रमले. आणि इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण सावतोबांची येत नाही. पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. कष्टकऱ्याच्या बांधावर देवाने यावे, ही कल्पना मला मुक्तीच्या चारी प्रकारांहून मोठी वाटते.

पण एवढ्यावर हे व्याख्यान संपवले, तर ती आपलीच फसवणूक होईल. मुक्ती नको म्हणणे, ज्याला देवळात जाता येते त्याला सोपे असते. चोखोबांचे काय? त्यांना साधे दर्शनही नव्हते. ते, त्यांची पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, या सगळ्यांनी अभंग रचले. विटाळ म्हणजे काय आणि तो कोणाला नाही, असा रोकडा जाब या घराने देवाला विचारला आहे. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. समोर, आत नव्हे.

त्यानंतर सहाशे वर्षे चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तने झाली. लहानथोर एकमेकांच्या पायां पडले. चोखोबांचे अभंग टाळ्या वाजवून म्हटले गेले. आणि वाळवंटातली ही समता महाद्वाराशी आली की थांबत होती. ते दार नुसत्या अभंगांनी उघडले नाही. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. १ मे रोजी सुरू झालेले ते उपोषण १० मे रोजी सुटले आणि हरिजनांना मंदिर खुले झाले. तत्त्व संतांनी सांगितले होते, ते खरे. पण आपण ते गात राहिलो आणि पाळण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोडले, हेही तितकेच खरे. संप्रदायाचा मोठेपणा सांगताना हा सहाशे वर्षांचा हिशेब वगळता येत नाही.

आजही वारकरी आधी चोखोबांच्या समाधीवर डोके टेकतो. मग नामदेव पायरीला हात लावून, तिच्यावर पाय पडू न देता आत जातो.

त्या वर्षी पौर्णिमेचा काला झाल्यावर तेच म्हातारेबाबा मला पंढरपूरच्या एस. टी. स्टँडवर पुन्हा भेटले. वीणा आता फडक्यात नीट बांधलेला होता. मी विचारले, ‘‘काय बाबा, दर्शन झालं ना?’’

‘‘बारी लई लांब हुती,’’ ते म्हणाले. ‘‘चोखोबांच्या पायाशी डोकं ठेवलं, कळस बघितला, निघालो. भांगलण खोळंबलीया.’’