कंसातले नाव

कर्जत स्टेशनजवळच्या भिसेगावात माझे घर आहे. मागे एकदा पुतणी शाळेतून आली आणि म्हणाली, "चाचा, आपला वंशवृक्ष काढून न्यायचाय." मी पणजोबांपर्यंत गेलो आणि तिथेच गाडी थांबली.

मग पुतणीनेच मला संगणकासमोर बसवले. फॅमिलीसर्च हे अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचे मोफत संकेतस्थळ. तिथे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रेसुद्धा आहेत. माझ्या हिंदू मित्रांचे पूर्वज अशा तीर्थाच्या वह्यांत भेटतात. आम्हा कोकणी मुसलमानांचे भेटतात ते काझींकडच्या निकाहाच्या नोंदींत आणि जमिनीच्या कागदांत. कुणी खलाशी असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावरही पाहावे. पहिल्या महायुद्धात समुद्रानेच ज्यांना कबर दिली, अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत आहे.

शोधताना दोन गोष्टी शिकलो. एक, गाव तेच असले तरी जिल्हा बदलतो. कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, नंतर कुलाब्यात आले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. दुसरी, इंग्रजी लिपीत आमचे एकच आडनाव पाच तऱ्हांनी लिहिलेले असते. पाचही तऱ्हा टाकून पाहाव्या लागतात.

खरा धागा मिळाला तो महाभूलेखवरच्या सातबाऱ्यात. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. ते टिपून घेतले आणि तहसील कचेरीतून जुन्या नकला काढल्या. त्याआधीचे कागद मोडीत निघाले, ते जाणकाराकडून वाचून घेतले. पणजोबांच्या वडिलांचे नाव मिळाले. मला कोण आनंद झाला!

पण त्याच कागदांत आणखी एक नाव होते. आजोबा वारले तेव्हाच्या वारसनोंदीत तीन मुलगे आणि एक मुलगी. ती मुलगी म्हणजे माझी फुफू. पुढच्याच फेरफारात तिने भावांच्या लाभात हक्क सोडल्याची नोंद, खाली डाव्या हाताचा अंगठा. जुन्या उताऱ्यावर कमी झालेले नाव कंसात दाखवत. फुफूचे नाव कंसात गेले होते. त्या तीन भावांतले एक माझे अब्बा.

फुफू आज ऐंशीच्या पुढे आहे. मी तिच्याजवळ बसून कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "भावांनी अंगठा उठव म्हटलं, मी उठवला. कशावर, ते विचारायची रीत नव्हती." मग थोडे थांबून म्हणाली, "म्हणजे त्याच्या आधी माझं नाव होतं?"

"होतं, फुफू."

"मला वाटलं, कुणी लिहिलंच नव्हतं."

कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा ठरवून दिला आहे. आम्ही तो आयुष्यभर मिलादच्या वाजात ऐकत आलो. मी चाळीस वर्षे कविता लिहिल्या, बायकांच्या दुःखावरही लिहिल्या, आणि माझ्याच घरातली ही ओळ मी वाचली नव्हती.

हल्ली महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव येते. चांगलेच झाले. पण आधीच्या बायकांचे काय? त्यांना आपणच शोधायला हवे.

पुतणीच्या वंशवृक्षात फुफूचे नाव भावांच्या ओळीत आहे, कंसाविना. कागदावर ते सोपे होते. वाट्याचे बोलणे मी घरात काढले आहे. भावांना ते रुचलेले नाही. तरी ते मी सोडणार नाही.