दातांच्या फटी आणि पाण्याची धार



दात घासले की मुखाची स्वच्छता झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. ब्रश दातांच्या दर्शनी, आतल्या आणि चावण्याच्या बाजूंवरून फिरतो. दोन दातांमधील फटीत त्याचे केस नीट पोचत नाहीत. तेथे अन्नकण अडकतात, जंतूंचा चिकट थर साचतो आणि लाळेतील क्षारांमुळे त्याचे टणक कीटण बनते. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येऊ लागते. पुढे दाताभोवतीचे हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. हे बहुधा वेदनेविना घडत असल्याने रोगी दंतवैद्याकडे उशिरा पोचतो. मधुमेही व्यक्तीस हा धोका अधिक असतो.

फटीतील मळ काढण्यासाठी विशिष्ट दोरा व बारीक ब्रश वापरतात. पाण्याच्या धारेने हे काम करणारे 'वॉटर फ्लॉसर' हे उपकरण १९६२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात दंतवैद्य जेराल्ड मॉयर आणि अभियंता जॉन मॅटिंग्ली यांनी तयार केले. पाण्याची छोटी टाकी, पंप आणि बारीक तोटी एवढीच त्याची रचना. धार ठोक्याठोक्याने सुटते व फटीतील कण सैल करून बाहेर काढते. दातांना तारा बसविलेल्या, कृत्रिम दात पक्के बसविलेल्या अथवा दोरा वापरणे न जमणाऱ्या व्यक्तींस ते विशेष उपयुक्त ठरते.

वापरण्याची रीत सोपी आहे. टाकीत कोमट, पिण्यायोग्य पाणी भरावे. आरंभी दाब सर्वांत कमी ठेवावा. वाकून, ओठ किंचित मिटून, तोटी हिरडीच्या कडेशी काटकोनात धरावी आणि मागच्या दाढेपासून प्रत्येक फटीवर क्षणभर थांबत पुढे यावे. धार जिभेखाली मारू नये. काम झाल्यावर टाकी रिकामी करून कोरडी करावी.

तथापि, हे उपकरण ब्रशची जागा घेऊ शकत नाही. चिकटलेला थर घासूनच निघतो आणि टणक कीटण दंतवैद्यच काढू शकतो. काही दिवसांनंतरही रक्त येत राहिल्यास तपासणी करून घ्यावी.

प्रत्येक घरात हे यंत्र असणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. सकाळी व झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, फटींसाठी दोरा वा बारीक ब्रश वापरणे आणि जेवणानंतर खळखळून चूळ भरणे, ही त्रिसूत्री बहुतेकांना पुरेशी आहे. टाचणी किंवा टोकदार काडीने दात कोरणे मात्र टाळावे, कारण त्याने हिरडीस इजा होते. मिश्रीची सवयही सोडली पाहिजे. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. तरीही घरी भाजलेली मिश्री हिरड्यांना लावण्याची प्रथा ग्रामीण भागात आढळते. तिच्यामुळे दात स्वच्छ होत नाहीत, उलट मुखकर्करोगाचा धोका वाढतो.

शिक्षकांनी मुलांना चूळ भरण्याची सवय लावली आणि पंचायत सदस्यांनी महिला मंडळांतून मिश्रीचा विषय काढला, तर अनेकांचे दात म्हातारपणापर्यंत टिकतील.