‘उनसठ’ नाही, ‘एकोणसाठ’ : कानानं वाचणाऱ्या शिक्षकांसाठी एक सेटिंग

(या भागाचं शब्दांकन. अडखळणं तेवढं काढलंय, बाकी बोलणं आहे तसं ठेवलंय.)

आजचा भाग शिक्षकांसाठी आहे, पण तुम्ही शिक्षक नसाल तरी थांबा. तुमच्या घरात, गल्लीत, नाहीतर तुम्हाला शिकवणाऱ्यांत असं कुणीतरी असेल, ज्याला आजचं बोलणं उपयोगी पडेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते बारामतीत, शाळा इंदापूर तालुक्यात. रोजची एसटी. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे… सगळे थांबे पाठ झालेत. आणि मला डिस्लेक्सिया आहे. डोळे ठणठणीत आहेत, पण अक्षरांचा शब्द व्हायला वेळ लागतो. ओळ सुटते. जोडाक्षर आलं की गाडी खड्ड्यात गेल्यासारखं होतं. एक पानी परिपत्रक इतरांचं दोन मिनिटांत वाचून होतं, मला पंधरा लागतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, शिक्षिका आहात आणि वाचता येत नाही? येतं हो. पण दमायला होतं.

दर महिन्याला आमची केंद्राची शिक्षण परिषद असते. तिथे कुणीतरी हातात कागद देतं आणि म्हणतं, “मॅडम, जरा वाचून दाखवा.” माझं ठरलेलं उत्तर होतं, “अहो, चष्मा विसरले.” कित्येक वर्षं हेच चाललं. एकदा शेजारच्या शाळेतल्या ताई हसत म्हणाल्या, “मॅडम, तुमचा चष्मा आम्ही अजून पाहिलाच नाही!” सगळे हसले, मीही हसले. मला चष्मा नाहीच आहे.

त्या रात्री ठरवलं की हे लपवणं बास. फोनला वाचायला लावायचं. ग्रुपवर आलेलं परिपत्रक उघडलं, वाचून दाखवणारं बटण दाबलं आणि ऐकते तर काय! ‘ज्ञानरचनावाद’चं झालं ‘ग्यानरचनावाद’. पटावर ५९ मुलं होती, त्यांची झाली ‘उनसठ’. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च सारखाच. ‘मा. मुख्याध्यापक’ मधल्या ‘मा.’ला तर थेट आईच करून टाकलं. मी फोन बाजूला ठेवला. म्हटलं, हेही आपल्यासाठी नाही.

चूक कुठे होती ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. तेच आज सांगायचंय.

आपली लिपी देवनागरी. हिंदीची तीच, नेपाळीचीही तीच. युनिकोडमध्ये या सगळ्यांची अक्षरं एकाच कप्प्यात आहेत. ‘क’ हा क आहे एवढं फोनला कळतं, पण तो मराठी क की हिंदी क, हे त्या अक्षरात कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं, तर फोन त्याच्याकडे जो आवाज लावलेला आहे त्यानं वाचतो. माझा फोन हिंदी आवाजात मराठी वाचत होता.

इतरांना याचा फारसा त्रास नाही. ‘उनसठ’ ऐकलं की ते मनात ‘एकोणसाठ’ करून घेतात. पण ज्याचा मेंदू आधीच अक्षरं जुळवण्यात दमलाय, त्यानं ऐकलेलंही पुन्हा उलगडत बसायचं? मग मदत कसली, ते दुप्पट काम झालं. म्हणून चुकीच्या भाषेचा आवाज आपल्यासारख्यांना नुसता विनोदी वाटत नाही, तो आपल्यासाठी बंद दरवाजा असतो.

चला, आता फोन हातात घ्या. अँड्रॉइडचं सांगते. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये नावं थोडी इकडेतिकडे असतात, म्हणून सेटिंग्ज उघडून वर शोधायच्या जागी ‘टेक्स्ट टू स्पीच’ असं टाका. बहुतेक फोनमध्ये ते ॲक्सेसिबिलिटीच्या आत सापडतं.

तिथे पहिली गोष्ट इंजिन, म्हणजे बोलणारं यंत्र. काही फोनमध्ये कंपनीचं वेगळं आणि गूगलचं वेगळं अशी दोन असतात. गूगलचं निवडा, त्यात मराठी आहे. दुसरी गोष्ट, शेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारा आणि मराठीचा आवाज उतरवून घ्या. एकदा उतरवला की रेंज नसली तरी चालतो. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत याचं मोल फार आहे. तिसरी गोष्ट भाषा. तिथे ‘सिस्टीमची भाषा’ असं असेल तर ते बदला आणि मराठी करा. फोन इंग्रजीत ठेवला तरी हरकत नाही. फोनची भाषा वेगळी आणि बोलण्याची भाषा वेगळी ठेवता येते, हेच तर बहुतेकांना माहीत नसतं! मग नमुना ऐकायचं बटण दाबा.

आता ॲक्सेसिबिलिटीत ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा. स्क्रीनवर एक छोटं बटण येतं. ते दाबून व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला हात लावला की फोन वाचतो. सावध राहा, त्याच यादीत ‘टॉकबॅक’ही असतं. ते दृष्टिहीन मित्रांसाठी आहे. चुकून सुरू झालं तर एका टिचकीनं काही उघडत नाही. घाबरू नका, आधी एकदा हात लावून निवडा, मग दोनदा टिचकी मारा आणि बंद करा.

कॉम्प्युटरवर काम करत असाल तर एज ब्राउझरच्या ‘रीड अलाउड’मध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. वर्णनात्मक नोंदी लिहिताना मला आरोही बरी पडते.

आता वेग. इथे प्रत्येकाचं गणित वेगळं. न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेली माणसं, पण ती सगळी एकाच साच्यातली नसतात. मला वेग कमी लागतो, आणि वाचला जाणारा शब्द स्क्रीनवर उठून दिसला तर फार सोपं जातं. एडीएचडी असलेल्या काहींना उलट वेग वाढवलेला आवडतो, संथ आवाजात मन भटकतं म्हणतात. ऑटिझम असलेल्या काहींना एखादा आवाज कानाला टोचतो, म्हणून आवाजाची पट्टी खाली आणायची, आणि जमला तो आवाज बदलायचा नाही. दुसऱ्याची सेटिंग उचलू नका. पाच मिनिटं बसून स्वतःची शोधा.

इतकं करूनही एखादी पीडीएफ फोन वाचतच नाही. का? दोन कारणं. एक तर ती कागदाचा फोटो असते, अक्षरं नसतात. दुसरं, ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. ओळखायचं कसं? एक ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. कचरा आला की समजा, जुना फॉन्ट. उपाय दोन्हीला एकच. स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्सला द्या, ते अक्षरं ओळखून काढतं, मग ऐका. आणि जे शिक्षक, कारकून आमच्यासाठी टाइप करतात त्यांना हात जोडून विनंती, युनिकोडमध्ये टाइप करा हो! ‘मा.’, ‘दि.’, ‘ता.’ ही आखूड रूपं मराठी आवाजालाही कधी कधी अडवतात. पूर्ण शब्द लिहिलात तर आमचं काम निम्मं होतं.

एक गोष्ट मात्र खरी सांगते. कान सगळं पकडत नाही. नोंद लिहिताना शब्द गळला, अक्षर उलटं झालं, वाक्य अर्धं राहिलं, तर ऐकताना लगेच कळतं. पण ऱ्हस्व-दीर्घ? ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. त्यासाठी मी अजूनही शेजारच्या वर्गावरच्या बाईंना दाखवते. पूर्वी चोरून दाखवायचे, आता सांगून दाखवते.

सांगून हा शब्द महत्त्वाचा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. त्यांत डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, ऑटिझम आहे. एडीएचडीचं नाव वेगळं नाही. नोकरीच्या ठिकाणी वाजवी सोय देण्याची गोष्ट या कायद्यात आहे. आपण हे सगळं मुलांसाठी वाचतो. परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक. ‘तारे जमीन पर’ २००७ ला आला, तेव्हापासून ईशान सगळ्यांना आठवतो. पण त्यातल्या निकुंभ सरांनाही लहानपणी डिस्लेक्सिया होता, हे कितीजणांच्या लक्षात आहे? ती मुलं मोठी होतात मंडळी. त्यांतली काही शिक्षक होतात.

आता शेवटचं. दरवर्षी तुकोबांची पालखी आमच्या याच बाजूनं जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. शाळेतली पोरं पाणी घेऊन उभी असतात. त्या दिंड्यांत अशा कितीतरी आज्या असतात ज्यांनी गाथा कधी उघडली नाही. पण अभंगाची पहिली ओळ द्या, पुढचा सगळा अभंग त्यांच्या तोंडी येतो. त्यांना कुणी म्हणतं का, की आजी, तुम्ही वाचलं नाही, म्हणजे तुम्हाला येत नाही? कानानं घेतलेलं ज्ञान आपल्याकडे कधीच कमी मानलं नाही. मग माझ्या कानातल्या इअरफोनचीच लाज का वाटावी?

मागच्या शिक्षण परिषदेत पुन्हा कागद आला. “मॅडम, वाचता का?” मी म्हटलं, “मला डिस्लेक्सिया आहे. पाच मिनिटं द्या, ऐकते आणि काय लिहिलंय ते सांगते.” क्षणभर सगळे गप्प. मी लेन्स लावली, इअरफोन घातला, ऐकलं आणि मुद्दे सांगितले. तारखेसकट. चहाच्या वेळी एक तरुण सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, ते सेटिंग मलाही दाखवाल?”

त्यांच्यासाठी हा भाग. तुमच्या ओळखीतही कुणी वारंवार चष्मा विसरत असेल, तर त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!