अंगावरून वारं जातं तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. रुग्णालयात परिचारिका म्हणून ३० वर्षे काढली, तेवढीच माझी शिदोरी. आज बोलायचे ते पक्षाघाताविषयी. आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं.' पण हे वारे बाहेरून येत नाही. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते.

घाव किती मोठा, हे डॉक्टर रोग्याच्या उशाशीच तपासतात. "महिना कोणता? वय किती?" असे विचारतात. "डोळे मिटा, उघडा, मूठ वळा, सोडा," म्हणतात. नजर दोन्हीकडे फिरते का, हसताना तोंड वाकडे होते का, हे पाहतात. हात १० सेकंद, पाय ५ सेकंद उचलून धरायला लावतात. टाचणी टोचून पाहतात, बोलणे ऐकतात. प्रत्येकाला गुण असतात. ही अमेरिकेतली पद्धत १९८९ साली प्रसिद्ध झाली. शाळेच्या उलट, इथे गुण कमी तितके बरे. चारपर्यंत सौम्य, २१ पासून पुढे अतिगंभीर, आणि कमाल ४२. मात्र मेंदूच्या मागच्या भागातला घाव कधी नुसती चक्कर आणतो. गुण थोडे, पण धोका मोठा.

एवढे ठाऊक असून मी घरी चुकले. सकाळी सासूबाईंच्या हातून ताकाचा पेला निसटला. "हात बधिर झालाय गं, जरा पडते," म्हणाल्या. मीही म्हटले, थकल्या असतील. दुपारी चहाला उठवायला गेले, तर तोंड वाकडे, शब्द फुटेना. डॉक्टरांनी पहिले विचारले, "शेवटच्या धडधाकट कधी पाहिल्यात?" गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असे दिसल्यावर. वेळ टळून गेली होती. त्यानंतर त्या चार वर्षे जगल्या, पण उजव्या हाताने तुळशीला पाणी घालणे पुन्हा झाले नाही.

भगिनींनो, गुण मोजणे डॉक्टरांचे काम. आपण हसायला सांगावे, दोन्ही हात उचलायला सांगावे, एक वाक्य बोलायला सांगावे. एकही बिघडले तर वेळ लिहून ठेवावी आणि लगेच १०८ ला फोन करावा. तेल चोळत बसू नये, तोंडात पाणी घालू नये. थोड्या वेळाने बरे वाटले, तरी रुग्णालयात न्यावेच.

तुमच्या घरी कोणाचा पेला निसटला, तर 'जरा पडा' म्हणू नका.