दुसऱ्याच्या वाफेचा हिशेब



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. त्यांच्या पंक्तीला आम्हांला बसविण्याचे धाडस चालकांनी केले, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो. सातवीनंतर आमची शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण सूतगिरणीच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा संशोधन कसे पारखावे हे सांगण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. उत्तर एवढेच की, संशोधनाचे निष्कर्ष ज्यांच्या छातीवर येऊन बसतात, त्या माणसांत आमची तीस वर्षे गेली आहेत.

गेल्या पावसाळ्यात युनियनच्या एक सभासद बाई कचेरीत आल्या. त्यांचा धाकटा दीर ई-सिगारेट ओढतो. घर दोन खोल्यांचे, पाळण्यात सात महिन्यांची मुलगी. त्या म्हणाल्या, "भाऊ, पेपरात येते की हे विष आहे. दीर मोबाईलवर दाखवतो की ही नुसती पाण्याची वाफ आहे, आणि तेसुद्धा संशोधनच आहे म्हणतो. खरे कोणाचे धरू?" त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. "वाचून सांगतो," एवढेच म्हणालो. जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांना बंदी आहे; तरी ती चोरवाटेने मिळते, हे आपण जाणतोच. तिच्यात तंबाखू जळत नाही. विजेरीने एक तार तापते आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवास आणि बहुधा निकोटीन असलेला द्रव हवेत उडतो. त्याला वाफ म्हणतात, पण ते असतात सूक्ष्म थेंब. साधी सिगारेट दोन झुरक्यांच्या मध्येही जळत राहते आणि खोलीभर धूर सोडते. ई-सिगारेटचे तसे नाही. ओढणाराच्या छातीतून जे बाहेर येते, मुख्यतः तेवढेच शेजाऱ्याच्या वाट्याला येते. हा फरक खरा आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

आता पहिला प्रश्न: संशोधकाने मोजले काय? हवा मोजली, रक्त मोजले, की आजार मोजला? या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात त्यांची सरमिसळ होते.

हवेचे उत्तर पक्के आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने आठशेहून अधिक अभ्यास तपासून २०१८ साली अहवाल दिला. बंद जागेत ई-सिगारेट ओढल्याने हवेतील सूक्ष्म कण आणि निकोटीन वाढते, याला तिने सर्वांत वरच्या प्रतीचा पुरावा मानला. म्हणजे 'नुसते पाणी' हा दिराचा दावा येथेच संपतो. पण किती वाढते? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ई-सिगारेटमुळे खोलीच्या हवेत घनमीटरला सरासरी ३.३ मायक्रोग्रॅम निकोटीन सापडले. साध्या सिगारेटमुळे ३१.६ सापडले. जवळजवळ दसपट अंतर. म्हणजे 'सिगारेटच्या धुराइतकेच विष' हा दावाही त्याच मोजमापात संपतो.

दुसरी पायरी रक्ताची. येथे आम्ही जरा रेंगाळणार आहो. निकोटीन शरीरात गेले की त्याचे कोटिनिन होते आणि ते रक्तात मोजता येते. अमेरिकेच्या २०१७ ते २०२० च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील तीन ते अकरा वर्षांच्या १,७७७ मुलांचे आकडे लंडनच्या संशोधकांनी तपासले. ज्या घरात कोणीच ओढत नाही, तेथे मुलांच्या रक्तात मिलिलिटरला ०.०१६ नॅनोग्रॅम कोटिनिन. जेथे फक्त ई-सिगारेट, तेथे ०.०८१. जेथे साधी सिगारेट, तेथे ०.४९४.

आता या तीन आकड्यांतून दोन मथळे निघतात. एक म्हणतो, 'ई-सिगारेटमुळे मुलांना ८४ टक्के कमी निकोटीन.' दुसरा म्हणतो, 'ई-सिगारेटमुळे मुलांना पाचपट निकोटीन.' दोन्ही खरे! पहिल्याने सिगारेटच्या घराशी तुलना केली, दुसऱ्याने स्वच्छ घराशी. म्हणून आमचा दुसरा प्रश्न: कशाच्या तुलनेत? पगारवाढीच्या बोलण्यांत मालक गेल्या वर्षीच्या पगाराशी तुलना करतो आणि आम्ही बाजारभावाशी. कागदावर दोघांचेही बरोबर असते. त्या बाईंच्या घरात पूर्वी कोणी सिगारेट ओढत नव्हते. तेव्हा त्यांच्या मुलीची तुलना ०.०१६ शी करावयाची, ०.४९४ शी नव्हे.

तिसरी पायरी आजाराची, आणि येथे जमीन भुसभुशीत आहे. २०२२ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे दोन हजार तरुणांचा अभ्यास आला. ज्यांच्या घरात दुसरे कोणी ई-सिगारेट ओढते, त्यांच्यात खोकला-कफाच्या तक्रारींचे प्रमाण १.४ पट आणि धाप लागण्याचे १.५ पट दिसले. ही खूण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. परंतु तक्रारी त्या तरुणांनी स्वतः सांगितलेल्या होत्या, डॉक्टरने तपासून लिहिलेल्या नव्हत्या. आणि अशा घरांत आणखीही काही वेगळे असू शकते. कर्करोगाविषयी तर आज कोणी छातीठोकपणे बोलत असेल तर त्याच्यापासून जपून राहावे. ही वस्तू बाजारात येऊन पुरती पंचवीस वर्षेही झालेली नाहीत, आणि तो आजार दशकांच्या हिशेबाने चालतो.

तिसरा प्रश्न: आधी काय घडले? २०१९ साली अमेरिकेत एक अभ्यास गाजला की ई-सिगारेट ओढणारांना हृदयविकाराचे झटके अधिक येतात. पुढे दिसून आले की काहींना झटका आधी आला होता आणि ई-सिगारेट त्यांनी नंतर धरली होती. २०२० साली नियतकालिकाने तो लेख मागे घेतला.

चौथा प्रश्न: मोजले कोणत्या परिस्थितीत? आमच्या उमेदवारीच्या काळात एका गिरणीने कापसाची धूळ मोजून घेतली आणि आकडा निर्दोष आला. मागाहून कळले की मोजणी साप्ताहिक सुटीच्या दिवशी, यंत्रे बंद असताना झाली होती. याच्या उलटही घडते. २०१५ साली अमेरिकेतील एका प्रयोगात ई-सिगारेटमधून फॉर्माल्डिहाइड निघाल्याचा गवगवा झाला. ते पाच व्होल्टच्या दाबावर निघाले होते, ३.३ व्होल्टवर सापडलेच नव्हते.

पाचवा प्रश्न पैशाचा. १९८१ साली जपानचे ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० न ओढणाऱ्या पत्नींचा चौदा वर्षांचा हिशेब मांडून दाखविले की नवरा जितका अधिक ओढतो, तितका पत्नीला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक. तंबाखू कंपन्यांनी त्यांच्यावर शंकांची राळ उडविली आणि जपानमध्येच एक प्रति-अभ्यास उभा केला. त्यात आपला हात दिसू नये याची दक्षताही घेतली. हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झाले. तंबाखूवाल्यांचा पैसा या नव्या धंद्यातही आहे: २०१८ साली आल्ट्रिया कंपनीने जूल या ई-सिगारेट कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला. तथापि पैसा दिसला म्हणजे अभ्यास खोटाच, असेही नाही. पैसा दिसला की पहिले चार प्रश्न अधिक कसून विचारावेत, एवढेच.

आणि हा पाचवा प्रश्न स्वतःलाही विचारावा. एकदा आम्ही पत्रक काढले, 'निम्म्या कामगारांची फुफ्फुसे निकामी.' कोणी मोजले नव्हते. रागाच्या भरात लिहिले. मालकांच्या डॉक्टरने तपासणी केली आणि आजारी निघाले पाचांत एक. पाचांत एक हेसुद्धा भयंकर होते! परंतु आमचे निम्मे खोटे ठरले आणि त्या गडबडीत खरे पाचांत एक कोणी ऐकूनच घेतले नाही. त्या खात्यात पंखे बसायला आणखी दोन वर्षे गेली. ती दोन वर्षे आमच्या नावावर आहेत.

म्हणून त्या बाईंना आम्ही सांगितले ते असे. ही नुसती वाफ नाही; तिच्यात निकोटीन आहे आणि ते मुलीच्या रक्तापर्यंत पोहोचू शकते. सिगारेटच्या धुरापेक्षा ते पुष्कळ कमी आहे. त्याने आजार होतोच, हे आज सिद्ध झालेले नाही. होत नाही, हेही सिद्ध झालेले नाही. आता तागडी पाहा. एका पारड्यात दिराला दारापर्यंत चालण्याचे कष्ट आहेत. दुसऱ्यात असे मूल आहे, ज्याला खोलीबाहेर जाता येत नाही आणि ज्याची परवानगी कोणी घेतलेली नाही. या तागडीला पुऱ्या पुराव्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु दिराला 'तू पोरीला कॅन्सर देतोस' असे म्हणू नका. तो मोबाईल काढील, तुम्हांला खोटे पाडील आणि घरातच ओढीत राहील. त्याला ते तीन आकडे दाखवा.

त्यांनी ते आकडे पोरीच्या लसीच्या कार्डामागे लिहून नेले. पंधरा दिवसांनी वर्गणी द्यायला आल्या तेव्हा आम्ही विचारले. म्हणाल्या, "आकडे वाचून तो काही बोलला नाही. सुटली नाही अजून त्याची, पण गॅलरीत जाऊन ओढतो आणि दार लावून घेतो."